राजकीय पक्ष, अभ्याससंस्था, दबावगट व वृत्तपत्रे : पुण्यातील परस्परसंबंध

सत्तेसाठी संघटित झालेला पक्ष, सार्वजनिक प्रश्नांची छाननी करून धोरण सुचविणारी अभ्याससंस्था, विशिष्ट हितसंबंधांसाठी शासनाचे मन वळवू पाहणारा दबावगट आणि या सर्वांचे म्हणणे लोकांपुढे मांडणारे वृत्तपत्र, ही राज्यशास्त्राच्या ग्रंथांत चार निरनिराळी अंगे मानली जातात. व्यवहारात त्यांच्या सीमारेषा फारशा स्पष्ट नसतात. एकच व्यक्ती सकाळी अग्रलेख लिहिते, दुपारी शासनाकडे जाणाऱ्या अर्जाचा मसुदा करते आणि सायंकाळी पक्षाच्या बैठकीस उपस्थित राहते, असे चित्र अनेक देशांत आढळते. पुणे शहरात ते विशेष ठळकपणे दिसते. कारण तेथे या चारही अंगांचा उदय एकाच शतकात, थोड्याशा पेठांत आणि परस्परांना ओळखणाऱ्या अल्पसंख्य सुशिक्षितांमध्ये झाला. असे संबंध असणे हा दोष नव्हे. बोलणारा कोणाच्या वतीने आणि कोणाच्या खर्चाने बोलतो, हे ऐकणाऱ्यास कळेनासे झाले म्हणजे खरा प्रश्न उद्भवतो. पुण्याच्या इतिहासात हा प्रश्न निरनिराळ्या रूपांत पुनःपुन्हा उपस्थित झाला आहे.

या इतिहासाचा आरंभ सार्वजनिक सभेपासून करणे सोयीचे ठरते. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीच्या तक्रारींतून सुरू झालेल्या हालचालींची परिणती २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभेच्या स्थापनेत झाली. तिचे प्रमुख प्रवर्तक वकील गणेश वासुदेव जोशी हे पुढे ‘सार्वजनिक काका’ या नावानेच ओळखले गेले. औंधचे पंतप्रतिनिधी सभेचे पहिले अध्यक्ष होते. सभेच्या घटनेतील एक तरतूद त्या काळाच्या मानाने असाधारण होती. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान पन्नास प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे, असा नियम होता. आरंभीचे ९५ सभासद सुमारे सहा हजार लोकांचे मुखत्यार होते. मताधिकार नसलेल्या देशात प्रातिनिधिकत्व कागदोपत्री सिद्ध करण्याचा हा प्रयत्न होता. ‘तुम्ही कोण?’ या शासनाच्या संभाव्य प्रश्नास सभेने स्थापनेच्या वेळीच उत्तर देऊन ठेवले होते.

नोव्हेंबर १८७१ मध्ये महादेव गोविंद रानडे न्यायखात्यातील नोकरीवर पुण्यास आले आणि सभेच्या कार्यास अभ्यासाची बैठक लाभली. तालुक्यातालुक्यांतून माहिती गोळा करावी, आकडे तपासावे, मग अर्ज लिहावा, ही पद्धत त्यांनी रुजविली. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेच्या प्रतिनिधींनी जिल्ह्यांतून पाठविलेल्या वृत्तांतांच्या आधारे सरकारकडे पत्रे धाडण्यात आली. जुलै १८७८ पासून सभेचे इंग्रजी त्रैमासिक निघू लागले. सीताराम हरी चिपळूणकर हे त्या सुमारास सभेचे चिटणीस होते; तथापि त्रैमासिकातील जमीनमहसूल, स्थानिक स्वराज्य, सावकारी इ. विषयांवरील बहुसंख्य निबंध रानड्यांचे होते आणि ते त्यांच्या नावाविना छापले जात. सरकारी न्यायाधीश सरकारच्याच धोरणाची चिकित्सा निनावी करीत होता, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. हे गुपित कोणापासूनच फारसे लपलेले नव्हते. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या काळात रानड्यांची नाशिक व तेथून धुळे येथे बदली झाली आणि त्यांच्या टपालावरही काही काळ पाळत ठेवण्यात आली. इंग्लंडमधील फेबियन सोसायटीची स्थापना १८८४ सालची आहे, तर अमेरिकेतील ब्रुकिंग्ज संस्थेचा आरंभ १९१६ चा. या संस्थांच्या कार्याशी ताडून पाहिल्यास सार्वजनिक सभेचे १८७० नंतरचे दशक हे आधुनिक अर्थाच्या अभ्याससंस्थेचे भारतातील एक आद्य उदाहरण ठरते, मात्र ती त्याच वेळी दबावगटही होती.

सभेच्या मुखत्यारपत्रांत कोणाच्या सह्या नव्हत्या, हेही पाहिले पाहिजे. सभासदांत सरदार, इनामदार, वकील, सावकार व पेन्शनर यांचा आणि जातीने ब्राह्मणांचा भरणा होता. याच शहरात जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला, आणि १ जानेवारी १८७७ रोजी कृष्णराव भालेकर यांनी दीनबंधु हे पत्र सुरू केले. शूद्रातिशूद्रांच्या वतीने बोलण्याचा सभेचा अधिकार फुल्यांना मान्य नव्हता. तथापि आपल्या बाजूचे वृत्तपत्र असले म्हणजे सर्व काही छापून येते असे नाही. १८८३ मध्ये लिहिलेल्या शेतकऱ्याचा असूड या ग्रंथाची आरंभीची प्रकरणे दीनबंधुने प्रसिद्ध केली. पुढील भाग छापण्यास संपादक नारायण मेघाजी लोखंडे तयार झाले नाहीत आणि फुल्यांनी त्याबद्दल कडक शब्दांत नाराजी व्यक्त केली. पुढे ब्राह्मणेतर चळवळीच्या बहराच्या काळात श्रीपतराव शिंदे यांनी पुण्यात विजयी मराठा (१९१९) हे साप्ताहिक काढले.

जानेवारी १८८१ मध्ये मराठी केसरी व इंग्रजी मराठा ही पत्रे निघाली. विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक व गोपाळ गणेश आगरकर या मंडळींनीच न्यू इंग्लिश स्कूल चालविले होते. छापखाना, शाळा व पत्र ही एकाच प्रपंचाची तीन खाती होती. पत्रांना दीडच वर्षात पहिला तडाखा बसला. कोल्हापूर संस्थानचे दिवाण माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध हाती आलेली पत्रे त्यांनी विश्वासाने वापरली. ती न्यायालयात बनावट ठरली आणि १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यांपैकी १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. शिक्षेमुळे दोघांची लोकप्रियता वाढली, हे इतिहासकार आवर्जून सांगतात. मात्र आपला मतलब साधण्यासाठी कोणी वृत्तपत्राच्या हाती कागद ठेवतो, तेव्हा त्या कागदाची जबाबदारी संपादकाच्या माथी येते, हा त्या खटल्याचा दुसरा अर्थ तितकाच महत्त्वाचा आहे. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावरून मतभेद होऊन आगरकर बाहेर पडले व १८८८ मध्ये त्यांनी सुधारक काढले. त्याच्या इंग्रजी भागाची बाजू गोपाळ कृष्ण गोखले सांभाळीत. १८९१ मध्ये केसरी-मराठाची मालकी एकट्या टिळकांकडे आली. मालकी एकवटली तशी पत्रांची भाषाही एकसुरी, निर्भीड व परिणामकारक झाली.

या पार्श्वभूमीवर १८९५ ते १८९७ या तीन वर्षांतील घटना पाहाव्या लागतात. रानडे १८९३ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून मुंबईस गेले होते. संमतिवयाच्या कायद्यावरून (१८९१) पेटलेला वाद शमला नव्हता आणि डिसेंबर १८९५ मध्ये पुण्यात भरावयाच्या काँग्रेसच्या मंडपात सामाजिक परिषद भरू द्यावी की नाही, यावर शहर दुभंगले होते. जुलै १८९५ मध्ये सभेच्या व्यवस्थापक मंडळाच्या निवडणुकीत टिळकपक्षाने बहुमत मिळविले. ही निवडणूक सभेच्या नियमांनुसारच झाली. पंचवीस वर्षांत जमविलेली माहिती, प्रतिष्ठा व शासनाशी पत्रव्यवहाराचा हक्क यांसह संस्था एका गटाच्या हातून दुसऱ्या गटाच्या हाती गेली. गोखले यांनी चिटणीसपद सोडले आणि १८९६ च्या अखेरीस रानडे-गोखले गटाने डेक्कन सभा ही वेगळी संस्था स्थापन केली. पुढे काँग्रेसमध्ये जहाल व मवाळ म्हणून जे दोन पक्ष प्रसिद्धीस आले, त्यांची पुण्यातील विभागणी अशा रीतीने एका अभ्याससंस्थेच्या निवडणुकीत आधीच झालेली होती.

नव्या मंडळाने सभेचा उपयोग निराळ्या तऱ्हेने केला. १८९६-९७ च्या दुष्काळात फॅमिन कोडमधील तरतुदी मराठीत आणून केसरीतून व पत्रकांतून गावोगाव पोहोचविण्यात आल्या. पीक बुडाले असल्यास सारा तहकूब होऊ शकतो, हे शेतकऱ्यांना सांगण्यासाठी सभेचे कार्यकर्ते फिरू लागले. त्यांपैकी काहींवर खटलेही भरण्यात आले. वास्तविक सरकारचाच कायदा सरकारच्या प्रजेला समजावून सांगण्यात बेकायदेशीर असे काही नव्हते. परंतु अर्ज लिहिणारी सभा आणि खेड्यात सभा भरविणारी सभा यांत सरकारला फरक दिसला. मार्च १८९७ मध्ये मुंबई सरकारने असे जाहीर केले की, सार्वजनिक धोरणाच्या प्रश्नांवर सरकारशी पत्रव्यवहार करण्याचा हक्क असलेली संस्था म्हणून सार्वजनिक सभेस यापुढे मानले जाणार नाही. मुखत्यारपत्रांचा डोलारा एका ठरावाने कोसळला. लोकांच्या सह्यांनी प्रातिनिधिकत्व सिद्ध होत असले, तरी त्याची दखल घेणे वा न घेणे शासनाच्या मर्जीवर होते, ही सभेच्या रचनेतील उणीव तेव्हा उघडी पडली. केसरीला मात्र अशा मान्यतेची गरज नव्हती. त्याला वाचक पुरेसे होते. चळवळीचे केंद्र यानंतर सभेच्या कचेरीतून वृत्तपत्राच्या कचेरीकडे सरकले, त्याचे हेही एक कारण होय.

त्याच वर्षी गोखले वेल्बी आयोगापुढे डेक्कन सभेच्या वतीने साक्ष देण्यासाठी इंग्लंडमध्ये होते. एप्रिल १८९७ मधील त्यांची साक्ष हिंदुस्थानच्या आयव्ययाच्या विवेचनाबद्दल नावाजली गेली. तिची आकडेवारी सिद्ध करण्यात गणेश व्यंकटेश जोशी यांचा मोठा वाटा होता. (सार्वजनिक काका ते हे नव्हेत, नामसादृश्यामुळे दोघांत नेहमी घोटाळा होतो. हे जोशी सरकारी शाळेत मुख्याध्यापक होते.) इंग्लंडमधील लोकमत वळविण्याची यंत्रणा तोवर उभी राहिली होती : काँग्रेसची ब्रिटिश कमिटी (१८८९), तिचे इंडिया हे नियतकालिक (१८९०) आणि पार्लमेंट सदस्यांची भारतविषयक समिती (१८९३). तिचे एक आधारस्तंभ सर विल्यम वेडरबर्न हे पूर्वी पुण्यास जिल्हा न्यायाधीश होते आणि शेतकऱ्यांसाठी बँक काढण्याच्या योजनेत त्यांनी रानड्यांसह काम केले होते. पुण्यातील मित्रांची पत्रे याच वाटेने लंडनला पोहोचत. प्लेगच्या बंदोबस्तातील सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे अशाच खाजगी पत्रांतून गोखले यांना कळले व त्यांनी ते मँचेस्टर गार्डियन या पत्राच्या प्रतिनिधीस सांगितले. २२ जून रोजी रँडवर गोळी झाडली गेल्यानंतरचे ते दिवस होते. सरकारने पुरावा मागितला, पत्रलेखकांपैकी कोणी पुढे येण्याच्या मनःस्थितीत नव्हता. तेव्हा स्वदेशी परतल्यावर गोखले यांनी विनाअट माफी मागितली. पत्रलेखकांची नावे मात्र त्यांनी उघड केली नाहीत. कोल्हापूर प्रकरणात टिळकांनी तुरुंग पत्करला, या प्रकरणात गोखले यांनी मानहानी पत्करली; दोन्ही वेळा मजकूर पुरविणारा माणूस पडद्याआड राहिला.

विसाव्या शतकाच्या आरंभी दोन्ही पक्षांनी आपापली साधने पक्की केली. नारायण पेठेतील गायकवाड वाडा हे केसरीचे कार्यालय, टिळकांचे निवासस्थान व त्यांच्या पक्षाचे ठाणे होते. न. चिं. केळकर हे याच परंपरेतील; केसरीचे संपादन, पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद, होमरूल लीगचे चिटणीसपद आणि नंतर मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासदत्व अशी विविध पदे त्यांनी भूषविली. दुसऱ्या बाजूस गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी भारत सेवक समाजाची स्थापना केली. १८४९ पासून चालत आलेले ज्ञानप्रकाश हे पत्र पुढे समाजाच्या हाती आले. नागपूरचे हितवाद (१९११) व पुण्याचे सर्व्हंट ऑफ इंडिया (१९१८) ही इंग्रजी पत्रेही त्याचीच. नेमस्तांची पत्रे अभ्यासपूर्ण असत. ती खपत मात्र बेताचीच, आणि त्यामुळे त्यांना देणग्यांचा आधार लागे.

सातारचे रावबहादूर रा. रा. काळे यांनी दिलेल्या देणगीतून भारत सेवक समाजाने १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था काढली. धनंजय रामचंद्र गाडगीळ हे तिचे पहिले संचालक (१९३०–६६). समाज नेमस्त मताचा असला तरी संस्थेचे संशोधन त्या मताचे वाहक होऊ नये, अशी वहिवाट गाडगीळांच्या काळात पडली आणि संस्थेची पाहणी-अहवालांवरील प्रतिष्ठा तीवरच उभी राहिली. गाडगीळ स्वतः अलिप्त नव्हते. प्रवरानगर येथील सहकारी साखर कारखान्याचे ते पहिले अध्यक्ष होते, आणि १९६७ ते १९७१ या काळात योजना आयोगाचे उपाध्यक्ष. त्यांच्या सहभागाविषयी कोणास शंका घेण्याचे कारण पडले नाही, कारण तो जाहीर होता. सहकारी साखर धंद्याने पुढे मात्र स्वतःची अभ्याससंस्था उभारली. पुण्याजवळ मांजरी येथे १९७५ मध्ये स्थापन झालेली व १९८९ पासून वसंतदादांचे नाव धारण करणारी शुगर इन्स्टिट्यूट कारखान्यांच्या वर्गणीवर चालते, ऊस व साखर यांवर तांत्रिक संशोधन करते, आणि तिच्या नियामक मंडळावर कारखान्यांचे, म्हणजे बहुधा राजकीय पक्षांचेही, पुढारी असतात. तिचे ऊसविषयक संशोधन उपयुक्त आहे. साखरधोरणावरील तिचे मत मात्र कारखानदारांचे मत म्हणूनच वाचावे लागते.

पक्षाशी न बांधलेल्या वृत्तपत्राची कल्पना पुण्यात रुजली ती १ जानेवारी १९३२ रोजी ना. भि. परुळेकर यांनी सुरू केलेल्या सकाळमुळे. अग्रलेखापेक्षा बातमीवर भर, गावोगावचे बातमीदार आणि जाहिरातींतून मिळणारे स्थिर उत्पन्न ही त्याची वैशिष्ट्ये होती. पक्षनिधीवर अवलंबून नसणारे पत्र जाहिरातींवर अवलंबून असते, ही गोष्ट १९६० मध्ये न्यायालयापुढे आली. पानांच्या संख्येनुसार किमान किंमत ठरविणाऱ्या १९५६ च्या कायद्याखाली केंद्र सरकारने आदेश काढला. मोठ्या पत्रांच्या स्पर्धेपासून लहान पत्रांचे रक्षण व्हावे, हा त्याचा घोषित हेतू. सकाळ त्या वेळी ७ नव्या पैशांस आठवड्याच्या सहा दिवसांत ३४ पाने देत असे. आदेशाप्रमाणे त्या किमतीस २४ च पाने देता आली असती. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९६१ मध्ये हा कायदा व आदेश घटनाबाह्य ठरविले. जाहिरातींची जागा घटविणे म्हणजे किंमत वाढविणे आणि किंमत वाढविणे म्हणजे वाचक कमी करणे, म्हणून हा भाषणस्वातंत्र्यावरच निर्बंध होय, असा निकालाचा आशय आहे. परुळेकर १९७३ मध्ये निवर्तले. १९८५ मध्ये कंपनीची सूत्रे प्रताप पवार यांच्याकडे आली. ते ज्येष्ठ राजकीय नेते शरद पवार यांचे बंधू असल्याने पत्राच्या पक्षनिरपेक्षतेची चर्चा तेव्हापासून होत राहिली. भागांच्या मालकीविषयीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व त्याचा निर्णय २००५ मध्ये झाला. वृत्तपत्रांनी आपल्या मालकीचे निवेदन दरवर्षी छापावे असा नियम १९५६ पासून होता, तरी आतील पानावरील तो बारीक ठशातील मजकूर क्वचितच कोणी वाचीत असे.

याहून गंभीर प्रकार म्हणजे पैसे घेऊन बातमीच्या वेषात छापलेला प्रचार. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीनंतर त्याची उदाहरणे उजेडात आली. भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या द्विसदस्य उपसमितीने वृत्तपत्रांची नावे घेऊन अहवाल सादर केला. परिषदेने जुलै २०१० मध्ये त्याचा संक्षेप तेवढा स्वीकारला आणि मूळ अहवाल केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये खुला झाला. पक्षांच्या निधीबाबतही हेच घडले. कंपन्यांच्या देणग्यांवर १९६९ मध्ये आलेली बंदी १९८५ मध्ये उठली. देणगीदाराचे नाव गुप्त ठेवणारी २०१८ ची निवडणूक रोखे योजना सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी मतदाराच्या माहितीच्या हक्काचा भंग करणारी म्हणून रद्द केली.

‘लॉबी’ हा शब्द विधिमंडळाच्या सभागृहालगतच्या दालनावरून आला आहे. अमेरिकेत तेथे वावरणाऱ्या व्यावसायिक मध्यस्थांची नोंदणी १९४६ च्या कायद्याने सुरू झाली व १९९५ मध्ये तो कायदा अधिक कडक झाला. भारतात २०१३ मध्ये लोकसभेत याविषयी एक खाजगी विधेयक मांडले गेले, त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. या अभावाचे महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे दाभोळ वीजप्रकल्प. एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या दाभोळ कंपनीशी राज्य वीज मंडळाने डिसेंबर १९९३ मध्ये करार केला. पुढे कंपनीच्या एका अधिकाऱ्याने अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे सांगितले की, प्रकल्पाच्या सिद्धतेत भारतीयांच्या ‘शिक्षणा’साठी सुमारे २ कोटी डॉलर खर्च झाले. हा खर्च लाचेचा असल्याचा आरोप झाला, कंपनीने तो नाकारला. १९९५ च्या निवडणुकीत शिवसेना-भाजप युतीने प्रकल्पाविरुद्ध प्रचार केला, सत्तेवर आल्यावर ऑगस्टमध्ये तो रद्द केला आणि काही महिन्यांतच सुधारित अटींवर पुन्हा मान्य केला.

पुण्यात नुकत्याच स्थापन झालेल्या प्रयास या संस्थेच्या ऊर्जा गटाने त्याच वर्षी कराराचे तांत्रिक व आर्थिक विश्लेषण प्रसिद्ध केले. डॉलरशी जोडलेला दर आणि वीज घ्या वा न घ्या, ठरावीक रक्कम द्यावीच लागेल अशी अट, यांचा भार वीज मंडळाला पेलणार नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. वृत्तपत्रांनी पक्षांचे आरोप-प्रत्यारोप ठळक छापले. या आकडेमोडीस जागा कमी मिळाली. मे १९९९ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने एप्रिल २००१ मध्ये प्रकल्पाच्या मंजुरीच्या प्रक्रियेवर कठोर ताशेरे ओढले आणि त्यानंतर पुढच्याच महिन्यात मंडळाने करार संपुष्टात आणला.

वीजदर ठरविण्याचे काम दरम्यान १९९८ च्या केंद्रीय कायद्याखाली स्थापन झालेल्या महाराष्ट्र वीज नियामक आयोगाकडे आले होते. आयोगापुढील प्रस्ताव प्रसिद्ध केले जातात, त्यांवर लेखी हरकती घेता येतात व जाहीर सुनावणी होते. ग्राहकांचे अधिकृत प्रतिनिधी म्हणून आयोगाने चार संस्थांना मान्यता दिली : मुंबई ग्राहक पंचायत, पुण्याची प्रयास, ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन आणि विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन. त्यांपैकी दोन उद्योजकांच्या संघटना आहेत, आणि ते त्यांच्या नावातच नमूद आहे.